प्लेअर जोडताच कॉम्प्युटर बंद पडतो? आधी रेकॉर्डिंग वाचवा, मग बिघाड शोधा

चवथ जवळ आली की गोव्यातल्या कितीतरी घरांत जुना म्युझिक प्लेअर कपाटातून बाहेर निघतो. कुणाच्या प्लेअरमध्ये वाड्यावरच्या घुमट आरत्या असतात, कुणाकडे भजनी मंडळाच्या सरावाचे रेकॉर्डिंग, कुणाकडे जत्रेतल्या नाटकाची पदे. ती कॉम्प्युटरवर उतरवून घ्यावीत म्हणून केबल जोडावी आणि कॉम्प्युटरच तिथल्या तिथे बंद पडावा, असे झाले की माणूस गांगरतो. मग विचारावे त्याच्याकडून दोनच सल्ले मिळतात: प्लेअर फॉरमॅट करा, नाहीतर विंडोज नवीन टाका. दोन्ही घाईचे आहेत. फॉरमॅट केले तर ज्यासाठी हा खटाटोप चालला आहे तेच पुसले जाईल. आणि दोष पोर्टमध्ये किंवा विजेत असेल तर विंडोज दहा वेळा टाकूनही फरक पडणार नाही.

ज्यांनी आजवर कॅबिनेट उघडलेले नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. स्क्रू-ड्रायव्हर लागणार नाही. लागेल ती एक टॉर्च, एक दुसरी केबल, एक रिकामा पेनड्राइव्ह आणि थोडा धीर. कॉम्प्युटर नेमका कोणत्या क्षणी पडतो आणि कसा पडतो, एवढे नीट पाहिले तरी निम्मे निदान तिथेच होते.

सगळ्यात आधी रेकॉर्डिंग

केबल काढा. प्लेअर भिंतीवरच्या चार्जरला लावून पूर्ण चार्ज करा आणि इअरफोन लावून हवे ते रेकॉर्डिंग वाजते का ते पाहा. वाजत असेल तर प्लेअरची मेमरी बहुतेक शाबूत आहे. आता घाई कसलीही नाही.

प्लेअरमध्ये मायक्रोएसडी कार्ड असेल तर प्लेअर बंद करून कार्ड काढा आणि कार्ड रीडरमधून सरळ कॉपी करा. अनेकांचे काम इथेच होऊन जाते. रेकॉर्डिंग आतल्या मेमरीत असेल तर मेनूत पाहा, काही रेकॉर्डरमध्ये आतली फाइल कार्डावर हलवायची सोय असते. तीही नसली तर शेवटचा, पण खात्रीचा मार्ग आहे: प्लेअरच्या इअरफोनच्या भोकातून साडेतीन मिलिमीटरच्या पिनेची तार काढून दुसऱ्या रेकॉर्डरच्या किंवा कॉम्प्युटरच्या लाइन-इनला, म्हणजे आवाज आत घेणाऱ्या भोकाला, द्यायची आणि प्लेअर वाजवत ठेवायचा. तासाभराच्या भजनाला तासभर लागेल, आवाजात किंचित फरक पडेल, पण आजोबांचा आवाज वाचेल. ज्याची दुसरी प्रत कुठेच नाही अशा रेकॉर्डिंगसाठी मी हे आधी करून घ्यायला सांगतो, बिघाड नंतर शोधावा.

आणि विंडोजने कधीही ‘ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल’ असा निरोप दाखवला तर ‘कॅन्सल’ दाबा.

कसा पडतो ते पाहा

आता केबल पुन्हा जोडून एकदाच निरीक्षण करायचे आहे. त्याआधी उघडी कामे सेव्ह करा. प्लगमधून ठिणगी, जळका वास किंवा चटका यांपैकी काही एकदा जरी जाणवले असेल तर मात्र पुन्हा जोडू नका, थेट पुढच्या भागाकडे जा.

प्लग आत जाताक्षणी, पडद्यावर एक अक्षरही न येता, वीज गेल्यासारखा कॉम्प्युटर बंद पडला किंवा आपोआप रीस्टार्ट झाला, तर संशय विजेवर, पोर्टवर आणि केबलवर घ्यायचा. दोन-चार सेकंद गेले, जोडल्याचा ‘टुंग’ आवाज आला आणि मग निळा पडदा आला, तर संशय ड्रायव्हरवर, म्हणजे विंडोजमधल्या उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर. कॉम्प्युटर चालू राहिला, माऊस हलतो आहे, पण प्लेअरचे फोल्डर उघडताच ती खिडकी पांढरी होऊन अडकली, तर कॉम्प्युटर पडलेलाच नाही. प्लेअरमधली एखादी फाइल किंवा फाइलींची यादी बिघडलेली असते. आणि प्लेअर आधीपासून जोडलेला असताना कॉम्प्युटर चालू केला, की काळ्या पडद्यावर अडकून बसतो, हा चौथा आणि सगळ्यात निरुपद्रवी प्रकार.

यातला तुमचा कोणता ते ठरवा आणि त्याच भागातल्या पायऱ्या करा. सगळ्या एकदम केल्या तर कशाने काम झाले ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते.

वीज गेल्यासारखा बंद पडत असेल तर

इथे सर्वांत जास्त वेळ द्या, कारण किनारपट्टीच्या हवेत हाच प्रकार जास्त भेटतो आणि यातच नुकसानीची शक्यताही जास्त.

कॉम्प्युटर बंद करा, भिंतीवरचा प्लग काढा. टॉर्चचा उजेड यूएसबी पोर्टच्या आत पाडा. जुन्या चौकोनी पोर्टमध्ये प्लास्टिकची एक चपटी जीभ दिसेल आणि तिच्यावर चार सोनेरी पट्ट्या. चारही पट्ट्या एकमेकींना समांतर आणि चकचकीत हव्यात. एखादी वर उचललेली, वाकून शेजारणीला टेकलेली किंवा हिरवट-पांढऱ्या पुटाने भरलेली दिसली तर तो पोर्ट वापरायचा नाही. कडेची एक पट्टी ५ व्होल्टची आणि दुसऱ्या कडेची जमिनीची, म्हणजे ग्राउंडची. मधल्या दोन माहितीच्या. ५ व्होल्टची पट्टी ग्राउंडला किंवा बाहेरच्या धातूच्या कवचाला टेकली की शॉर्ट होतो, आणि मदरबोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी सगळे बंद करतो. काही मदरबोर्ड तर पडद्यावर ‘यूएसबी ओव्हर करंट’ असा इशारा देऊन काही सेकंदांत बंद होतात. असा निरोप दिसला तर दोष विंडोजमध्ये नाही हे नक्की समजा.

तसेच प्लेअरचे भोक आणि केबलचे दोन्ही टोकांचे प्लग पाहा. जून ते सप्टेंबर कपाटात पडून राहिलेल्या प्लेअरच्या भोकात दमटपणाने पूट चढते, समुद्राजवळच्या घरात तर खारी हवा ते काम आणखी लवकर करते. साफ करायला मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. टाचणी, पॉलिश पेपर किंवा खोबरेल तेल नको. साफ केल्यावर पूर्ण वाळू द्या, मगच जोडा.

पोर्ट स्वच्छ दिसतो आहे? मग त्याच पोर्टला आधी माऊस लावून पाहा, नंतर रिकामा पेनड्राइव्ह. तेवढ्यानेही कॉम्प्युटर पडला तर प्लेअर निर्दोष आहे, दुखणे कॉम्प्युटरचे आहे. दोन्ही नीट चालले तर केबल बदला. केबल बदलूनही तेच होत असेल तर प्लेअर कॅबिनेटच्या मागच्या पोर्टला लावा. समोरचे पोर्ट मदरबोर्डवर नसतात, ते आतून एका वायरीने जोडलेले असतात. ती वायर सैल असू शकते, जोडणाऱ्याने उलटी बसवलेली असू शकते. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात. समोर पडतो आणि मागे चालतो, असे आढळले तर समोरच्या पोर्टवर कागद चिकटवून टाका आणि पुढे जा.

आता विजेचा हिशोब. यूएसबी २.० चा पोर्ट एका उपकरणाला जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर देण्यासाठी बनवलेला असतो, यूएसबी ३.० चा ९००. आत छोटी हार्डडिस्क फिरणारे जुने प्लेअर सुरू होताना जोरात वीज ओढतात, त्यात बॅटरी पूर्ण उतरलेली असेल तर चार्जिंगचा भार वेगळा. म्हणून आधी भिंतीवर चार्ज करा असे म्हटले. तरीही पडत असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब मध्ये घाला. भार हबच्या अडॅप्टरवर गेला आणि कॉम्प्युटर टिकला, तर तुमच्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस, म्हणजे कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा, थकला असण्याची शक्यता आहे. मेकॅनिकला सांगा, ५ व्होल्टच्या लाइनवर भार असताना व्होल्टेज मोजा. ते ४.७५ आणि ५.२५ च्या मध्ये हवे.

एक गोष्ट सहसा कुणी विचारत नाही: प्लेअर त्या वेळी आणखी कशाला जोडलेला होता? अँम्प्लिफायरला? जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण त्यामागे अर्थिंगची तार असतेच असे नाही. अर्थिंग नसेल तर एसएमपीएसमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर मुख्य विजेच्या साधारण निम्मा, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब तरंगत राहतो. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून हात लावला की फक्त मुंग्या आल्यासारखे वाटते. पण दुसऱ्या टोकाला अर्थिंग असलेला अँम्प्लिफायर असेल तर प्लेअर मधला दुवा होतो आणि प्लग घुसताना तो दाब यूएसबीच्या कवचातून वाट काढतो. कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो आणि कधी प्लेअरही कायमचा जातो. म्हणून कॉम्प्युटरला जोडण्याआधी प्लेअरमधून बाकीच्या सगळ्या तारा काढायच्या, हा नियमच करून टाका. लॅपटॉप असेल तर सोपी चाचणी आहे: चार्जर काढून फक्त बॅटरीवर चालवा आणि प्लेअर जोडा. बॅटरीवर ठीक, चार्जरवर पडतो, असे दिसले तर चार्जर किंवा अर्थिंग तपासायला हवे. कॅबिनेटला मुंग्या येत असतील तर परवानाधारक वायरमनला बोलवा. प्लेअर बाजूला राहू द्या, हे काम घरातल्या माणसांसाठी आधी करायचे आहे.

निळा पडदा येत असेल तर

निळा पडदा कॉम्प्युटरने दिलेली जबानी आहे, पण विंडोज ती वाचायला वेळ देत नाही, लगेच रीस्टार्ट होते. (विंडोज ११ च्या अलीकडच्या अपडेटनंतर हा पडदा काळा असतो, अर्थ तोच.) म्हणून आधी ते रीस्टार्ट थांबवा. स्टार्टच्या शोधपट्टीत ‘अॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ शोधा, उघडलेल्या खिडकीत ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ खालच्या ‘सेटिंग्ज’वर जा आणि ‘ऑटोमॅटिकली रीस्टार्ट’ समोरची खूण काढा. पुढच्या वेळी पडदा थांबून राहील. मोबाइलने फोटो काढा. खाली ‘स्टॉप कोड’ असे लिहून मोठ्या अक्षरांत एक नाव असते, तेच महत्त्वाचे.

‘बगकोड यूएसबी ड्रायव्हर’ किंवा ‘बगकोड यूएसबी३ ड्रायव्हर’ आले तर यूएसबीच्या ड्रायव्हरपाशीच घोटाळा आहे. ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’ म्हणजे उपकरण झोपवताना किंवा उठवताना ड्रायव्हर अडखळला. आणि दर वेळी वेगळाच कोड येत असेल तर रॅमवर संशय घ्या: शोधपट्टीतून ‘विंडोज मेमरी डायग्नॉस्टिक’ चालवा. ते रीस्टार्ट करून रॅम तपासते.

ड्रायव्हरच्या कामाला लागण्याआधी ‘रीस्टार्ट’ करा, ‘शट डाउन’ नको. विंडोज १० आणि ११ मध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल तर शट डाउनने ड्रायव्हर पूर्ण उतरत नाहीत, त्यांची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि जुना घोळ दुसऱ्या दिवशी पुन्हा समोर येतो.

मग स्टार्टच्या बटणावर उजवी क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ‘व्ह्यू’मध्ये ‘शो हिडन डिव्हाइसेस’ निवडा. आता आजवर जोडलेल्या उपकरणांच्या फिकट नोंदीही दिसतील. ‘पोर्टेबल डिव्हाइसेस’ आणि ‘डिस्क ड्राइव्ह्ज’ यांत तुमच्या प्लेअरच्या नावाची नोंद शोधा, उजवी क्लिक, ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’. फक्त प्लेअरचीच. ‘यूएसबी रूट हब’ला हात लावू नका, नाहीतर माऊस आणि कीबोर्ड रीस्टार्ट होईपर्यंत मुके होतील. प्लेअरबरोबर सीडीवर आलेले जुने सॉफ्टवेअर अजून कॉम्प्युटरवर असेल तर तेही कंट्रोल पॅनलमधून काढा. विंडोज एक्सपीच्या काळातले ड्रायव्हर आजच्या विंडोजवर फार त्रास देतात. रीस्टार्ट करून प्लेअर जोडा, विंडोज स्वतःचा ड्रायव्हर लावेल.

तरीही पडदा आला तर मदरबोर्ड किंवा लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून चिपसेट आणि यूएसबीचे ड्रायव्हर घ्या. ‘सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये’ म्हणणारे मोफत सॉफ्टवेअर टाकू नका. पॉवर स्टेटचा कोड असेल तर पॉवर प्लॅनच्या प्रगत सेटिंगमध्ये ‘यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करून पाहा.

यानंतर प्लेअरच्या मेनूत डोकवा. पुष्कळ प्लेअरमध्ये ‘यूएसबी मोड’ असतो: एमटीपी आणि एमएससी. एमएससीमध्ये प्लेअर पेनड्राइव्हसारखा दिसतो, त्याला ड्राइव्हचे अक्षर मिळते. एमटीपीत कॉम्प्युटर प्लेअरशी बोलून गाणी मागतो, आणि त्यासाठी वेगळे ड्रायव्हर कामाला लागतात. एका मोडमध्ये पडतो तर दुसऱ्यात लावा, कित्येकदा एवढ्यानेच सुटते. सॅनडिस्कच्या सांसा क्लिपसारख्या प्लेअरमध्ये एका मोडने भरलेली गाणी दुसऱ्या मोडमध्ये दिसत नाहीत. ती गेलेली नसतात, मोड परत बदला की दिसतात. आयपॉडचे तंत्र वेगळे: त्यात गाणी लपवलेल्या फोल्डरमध्ये चार अक्षरांच्या विचित्र नावांनी असतात. अॅपलने २०२२ मध्ये आयपॉड बंद केला, पण घराघरांतले अजून वाजत आहेत.

दोष सॉफ्टवेअरचा की यंत्राचा, याचा निकाल लावायचा असेल तर उबुंटू लिनक्सचा पेनड्राइव्ह बनवून घ्या. त्यावरून कॉम्प्युटर सुरू करून ‘ट्राय’ निवडा, ‘इन्स्टॉल’ नव्हे. विंडोजला धक्का लागत नाही. तिथे प्लेअर जोडा. लिनक्समध्येही कॉम्प्युटर कोसळला तर यंत्रातच बिघाड आहे, वरचा विजेचा भाग पुन्हा वाचा. तिथे सुरळीत उघडला तर दोष विंडोजच्या बाजूला आहे, आणि आलाच आहात तर रेकॉर्डिंग तिथूनच दुसऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी करून घ्या.

फोल्डर उघडताना अडकत असेल तर

भजनाचे रेकॉर्डिंग चालू असताना बॅटरी संपली, की शेवटची फाइल अर्धवट राहते. तिच्या सुरुवातीला ‘मी एवढ्या लांबीची’ अशी जी नोंद लिहायची असते ती लिहिलीच जात नाही. वास्कोच्या दामोदर सप्ताहासारखे २४ तासांचे भजन असेल तर आणखी एक अडचण येते. सीडीच्या दर्जाच्या वेव्ह फाइलला मिनिटाला सुमारे १० एमबी लागतात आणि फॅट३२ पद्धतीच्या मेमरीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही, म्हणजे पावणेसात तासांच्या आसपास मर्यादा येते. चांगले रेकॉर्डर तिथे नवी फाइल सुरू करतात, स्वस्तातले अडखळतात. विंडोज फोल्डर उघडताना प्रत्येक फाइलीतले गायकाचे नाव, लांबी, चित्र वाचायला जाते आणि अशा अर्धवट फाइलीवर अडकते.

उपाय सोपा आहे. सेटिंग्जमध्ये ‘ऑटोप्ले’ बंद करा. प्लेअर एमएससी मोडमध्ये लावा, त्याच्या ड्राइव्हवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘कस्टमाइझ’ टॅबवर जा आणि फोल्डर ‘म्युझिक’ऐवजी ‘जनरल आयटम्स’साठी ठेवा. आता विंडोज आत डोकावत बसणार नाही. फाइली थोड्या-थोड्या करून कॉपी करा. जिथे अडकेल ती फाइल सोडून पुढे जा.

सगळे कॉपी झाल्यावरच ‘प्रॉपर्टीज’मधल्या ‘टूल्स’मधून ‘चेक’ चालवा. हा क्रम मोडू नका. दुरुस्तीत विंडोजला ज्या तुकड्यांचा मालक सापडत नाही ते ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरमध्ये सीएचके फाइली म्हणून टाकले जातात, आणि त्यांतून आरती जुळवणे फार कठीण जाते.

कॉम्प्युटर सुरूच होत नसेल तर

प्लेअर काढा, कॉम्प्युटर सुरू होईल. तो प्लेअरलाच विंडोजची डिस्क समजून त्यातून सुरू व्हायला पाहत होता. चालू करताना डिलीट किंवा एफ२ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, जा आणि बूटच्या क्रमात विंडोजची डिस्क पहिली ठेवा. लॅपटॉपवर बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लावलेले विंडोजचे कुलूप, चालू असेल तर हा बदल केल्यावर रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुतेकदा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, आधी शोधून लिहून ठेवा. हे जमत नसेल तर प्लेअर नेहमी विंडोज सुरू झाल्यावरच जोडा, एवढे पुरे.

दुकानात न्यायची वेळ आली तर

‘चालत नाही’ एवढेच सांगू नका. कोणत्या पोर्टला, कोणत्या क्षणी, कशा प्रकारे पडतो, पेनड्राइव्ह लावल्यावर काय होते, लिनक्समध्ये काय झाले, हे कागदावर लिहून द्या आणि स्टॉप कोडचा फोटो दाखवा. शोधपट्टीतून ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडल्यास सिस्टिमच्या नोंदींत ‘कर्नेल-पॉवर ४१’ दिसेल. कॉम्प्युटर नीट बंद न होता पडला, एवढेच ती सांगते. तिच्या तपशिलात बगचेक कोड, म्हणजे स्टॉप कोडचाच आकडा, शून्य असेल तर निळा पडदा न येताच सगळे बंद पडले, म्हणजे विजेकडे किंवा यंत्राकडे पाहायला हवे. मेकॅनिकला याचा उपयोग होतो. प्लेअर देणार असाल तर त्यावर चिठ्ठी लावा: फॉरमॅट करू नये. कॉम्प्युटरची पावती करताना तिच्यावरही ‘डेटा ठेवून दुरुस्ती’ असे लिहून घ्या.

सगळे सुरळीत झाले की रेकॉर्डिंगच्या दोन प्रती करा, एक कॉम्प्युटरवर आणि एक घराबाहेर, मंडळातल्या दुसऱ्या कुणाकडे. फाइलींना वर्ष, गाव आणि गाणाऱ्यांची नावे द्या. प्लेअर काढताना घड्याळाजवळच्या ‘सेफली रिमूव्ह’वर क्लिक करून मगच केबल ओढा, आणि पावसाळ्यात ठेवायचा असेल तर अर्धा चार्ज करून, सिलिका जेलची पुडी घालून, हवाबंद डब्यात ठेवा.